उतरण्याची जागा : निवासवाचक शब्दांचा एक तौलनिक विचार

जळोचीच्या किंवा बारामतीच्या बाजारात परगावचा ओळखीचा मनुष्य भेटला, की कुशल विचारून होताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'कुठं उतरलाय?' प्रश्नातील क्रियापद वाहनातून खाली येण्याचे आहे. विचारणाऱ्याला मात्र एस.टी.चा थांबा जाणून घ्यावयाचा नसतो. रात्रीचा मुक्काम कोणाकडे, जेवणाची सोय कोठे, आणि कोणाच्या ओळखीने हा मनुष्य गावात वावरत आहे, एवढे सारे त्या एका क्रियापदात विचारलेले असते. क्रियापदाला हा दुसरा अर्थ कसा चिकटला, हा प्रश्न वरकरणी केवळ कोशकाराच्या कक्षेतला वाटेल. परंतु शेजारी भूमध्य समुद्राच्या काठावरील भाषा ठेवल्या म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. अपरिचिताने रात्र कोठे काढावी या प्रश्नाची व्यवस्था लावणे तेथील बंदरांना भागच होते. त्या व्यवस्थांची नावे तेथील भाषांत आजवर टिकून आहेत, आणि मराठीतील शब्दांशी त्यांची तुलना उद्‍बोधक ठरते.

प्रथम 'उतरणे' हाच शब्द घ्यावा. त्याचे मूळ संस्कृतातील 'उद्' हा उपसर्ग व 'तॄ' हा धातू यांत आहे. 'तॄ' म्हणजे पाणी ओलांडणे. 'उत्तरति' म्हणजे पाण्यातून वर येतो, पलीकडे पोचतो. मराठीत हालचालीची दिशा उलटली व वर येणारा मनुष्य खाली येऊ लागला. 'अव' उपसर्गाच्या रूपांशी झालेली सरमिसळ हे त्याचे एक कारण असू शकेल. पण नावेचा प्रसंग डोळ्यांपुढे आणल्यास फारसा विरोध उरत नाही, कारण नावेतून खाली येणारा मनुष्य त्याच क्षणी काठावर वर येत असतो. पाण्याशी असलेले हे जुने नाते मराठीने सर्वस्वी सोडलेले नाही. नदी जेथे पायी ओलांडता येते त्या जागेला 'उतार' म्हणतात. प्रवाशाला 'उतारू' म्हणतात, मग तो आगगाडीतला का असेना. गुजरातीत 'उतारो' म्हणजे राहण्याची जागा. बायबलाच्या मराठी भाषांतरात लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, मरिया व योसेफ यांना जागा न मिळाल्याच्या प्रसंगी, 'उतारशाळा' हा शब्द योजिला आहे. तो आज बोलण्यात फारसा नाही, परंतु त्याची घडण इतकी स्वाभाविक आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो समजावून द्यावा लागत नाही.

हा अर्थविकास मराठीपुरता नाही. फ्रेंच भाषेत हॉटेलात राहावयास जाणे याला 'देसांद्र' हे खाली उतरण्याचे क्रियापद चालते. जर्मन भाषेत 'आब्स्टायगेन' म्हणजे घोड्यावरून वा गाडीतून उतरणे आणि अर्थातच मुक्कामास राहणे. त्यापासून झालेल्या 'आब्स्टायगं' या नामाला मात्र हलक्या दर्जाच्या, काहीशा संशयास्पद लॉजचा वास येऊ लागला आहे. सर्वात विस्तृत कुटुंब अरबीचे. 'नज़ल' म्हणजे तो उतरला. 'नज़ील' म्हणजे उतरलेला, पाहुणा. 'मंज़िल' म्हणजे उतरण्याची जागा, एका दिवसाच्या चालीनंतरचा टप्पा. हाच 'मंज़िल' फारसीच्या वाटेने मराठीत येऊन 'मजल' झाला आणि 'मजल दरमजल' करणाऱ्या मराठी फौजांबरोबर सर्वत्र फिरला. घराचा 'मजला' हाही त्याचाच अवतार. फ्रेंच, अरबी व मराठी या तीन भाषांनी एकमेकींचे पाहून हा अर्थ घडविला, असे मानण्याचे कारण नाही. प्रवासी जनावरावर, गाडीत किंवा नावेत बसून येत असे, आणि यजमानाला त्याची दिसणारी पहिली कृती उतरण्याची होती, एवढे कारण पुरेसे आहे.

काही भाषांनी मात्र प्रवाशाऐवजी त्याच्या जनावराकडे पाहिले. ग्रीक भाषेत 'काताल्यो' म्हणजे सोडणे, मोकळे करणे. जोखड वा सामान सोडले म्हणजे मुक्काम झाला, म्हणून 'काताल्यमा' म्हणजे उतरण्याची जागा. ज्या ठिकाणी मराठी भाषांतरकाराने 'उतारशाळा' म्हटले, तेथे मूळ ग्रीकात हा शब्द आहे. याला समांतर शब्द शोधण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. कन्नडात 'बिडु' म्हणजे सोडणे आणि 'बिडार' म्हणजे तळ, राहण्याची जागा. मराठीतील 'बिढार' व वर्णविपर्ययाने झालेले 'बिऱ्हाड' यांचे नाते या शब्दाशी जोडले जाते. मराठीतील महाप्राण कोठून आला हे सांगावे लागेल हे खरे. पण अर्थाची वाट इतकी सरळ आहे की केवळ त्यासाठी व्युत्पत्ती नाकारणे बरे नव्हे. 'बिऱ्हाडा'ने मराठीत स्वतःचा संसारही थाटला आहे. 'बिऱ्हाडकरू' म्हणजे भाडेकरू, 'बिऱ्हाड-बाजले' म्हणजे सगळे चंबूगबाळे, आणि 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीत तर जागा अजिबात नाही, केवळ सामान आहे.

तिसरा वर्ग थांबण्याच्या व उभे राहण्याच्या शब्दांचा. 'मुक्काम' हा अरबी 'मुक़ाम'. मूळ धातू उभे राहण्याचा. या शब्दाचा मराठीतील प्रवास अंमळ गमतीचा आहे. मूळच्या तात्पुरत्या थांब्याचा शब्द टपालखात्याच्या कृपेने कायम पत्त्याचा भाग झाला. सात पिढ्या एकाच वाड्यात नांदलेला शेतकरीही पाकिटावर 'मु. पो. जळोची, ता. बारामती' असे लिहितो, आणि आपण जन्मभर मुक्कामालाच आहोत हे त्याच्या लक्षात येत नाही.

संत तुकाराममहाराजांची पालखी आषाढी वारीत देहूहून पंढरपुरास जाताना बारामतीस मुक्काम करते. पुढे काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पालखी अकलूजकडे जाते. येथे उतरण्याची जागा निवडण्याचा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही. दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे वा मागे ठरलेली जागा आहे, आणि अनेक गावी अमुक दिंडी अमुक घरी वा अमुक आवारात उतरते हे पिढ्यान्पिढ्या ठरून गेलेले आहे. एखाद्याने प्रथमच वारी करावयाची म्हटले, तरी त्याला जागा निवडावी लागत नाही. दिंडी निवडावी लागते, आणि जागा दिंडीबरोबर येते.

याच दोन तालुक्यांत उतरण्याची आणखी दोन रूपे दिसतात, आणि त्यांचे शब्द वेगळे आहेत. धनगरांच्या बोलीत 'वाडा' म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या काही कुटुंबांचा एकत्र तळ. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, वेढलेली जागा. पुण्याच्या चौकाच्या वाड्यात त्या कुंपणाची भिंत झाली. धनगराच्या वाड्यात ते कुंपण रोज उचलून पुढे नेता येते. दिवाळीच्या सुमारास यातील कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात. येथे यजमान व पाहुणा यांचा व्यवहारही उलटा आहे : शेतात मेंढ्या बसविल्याने खत मिळते, म्हणून शेतकरी रात्रीच्या हिशेबाने धान्य किंवा पैसे देतो. उतरणाऱ्यालाच उतरण्याचे मोल मिळावे, असे उदाहरण भूमध्य सागराच्या सबंध काठावर शोधूनही सहजी सापडणार नाही.

दुसरे रूप ऊसतोडणी कामगारांचे. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथील कारखान्यांच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात व 'कोप्या' घालून राहतात. कोपी कोठे घालावयाची, हे ठरविणारे कारखाना व मुकादम. आगाऊ घेतलेल्या उचलीने हंगाम आधीच बांधलेला असतो. कामगाराच्या तोंडी 'आम्ही उतरलो' असे न येता 'टोळी उतरवली' असे प्रयोजक रूप येते, तेव्हा व्याकरणाने परिस्थितीचे यथार्थ वर्णन केलेले असते.

आता बंदरांकडे वळावयाचे. ग्रीक भाषेत मुक्कामाच्या जागेसाठी आणखी एक शब्द होता : 'पांदोखेइओन', म्हणजे सर्वांना घेणारे स्थान. लूकच्याच दहाव्या अध्यायात, परोपकारी शोमरोन्याच्या दृष्टान्तात, जखमी मनुष्याला नेले जाते ते अशा ठिकाणी. पुढच्या सहस्रकात या शब्दाने जो प्रवास केला, तो भाषेच्या इतिहासात सहसा पाहावयास मिळत नाही. पश्चिम आशियातील भाषांतून तो अरबीत 'फुंदुक' झाला, इटलीत 'फोंदाको', स्पेनमध्ये एका वाटेने 'आलोंदिगा' म्हणजे धान्याचे कोठार व दुसऱ्या वाटेने 'फोंदा' म्हणजे साधी खाणावळ-वजा उतारशाळा, पोर्तुगीज भाषेत 'आल्फांदेगा' म्हणजे जकातघर. शेवटले रूप जहाजांबरोबर गोव्यास आले. मराठी-कोंकणी किनाऱ्यावर हा शब्द पोचला, परंतु तोवर त्यातील पाहुणा हरवला होता आणि फक्त त्याच्या मालावरचा कर उरला होता.

अर्थात हा बदल अकारण झाला नाही. मध्ययुगात अलेक्झांड्रियास आलेल्या व्हेनिसच्या वा जेनोआच्या व्यापाऱ्यापुढे शहरात कोठे राहावे, असा प्रश्नच नसे. त्याने आपल्या राष्ट्राच्या फुंदुकात उतरावयाचे. तेथे खोल्या, वखारी, भटारखाना, प्रार्थनामंदिर अशी सर्व सोय असे. आणि रात्री, तसेच शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, दरवाजाला बाहेरून कुलूप पडे. हे कुलूप बंदिवासाचे की संरक्षणाचे, याविषयी वाद घालता येईल. दोन्ही असावे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. उलट्या बाजूने व्हेनिसनेही तेच केले. तेथील 'फोंदाको देइ तेदेस्की' या इमारतीचा उल्लेख १२२८ पासून मिळतो. जर्मन व्यापाऱ्यांनी तेथेच राहिले पाहिजे व तेथेच व्यापार केला पाहिजे, असा दंडक होता. १५०५ च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली आणि तिच्या भिंती जोर्जोने व तित्सिआन या चित्रकारांनी रंगविल्या. तुर्की व्यापाऱ्यांसाठी १६२१ पासून वेगळा फोंदाको झाला. सर्वांना घेणारे म्हणून ज्याचे नाव पडले, त्या स्थानाची अशा रीतीने अमक्यांनाच घेणारी अनेक स्थाने झाली. ओलिव्हिया रेमी कॉन्स्टेबल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संस्थेचा इतिहास सविस्तर मांडला आहे. भाषाभ्यासकाने त्यातून घ्यावयाचे ते एवढे की, शब्दाचा अर्थसंकोच येथे कोणाच्या विस्मरणाने झालेला नाही. दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाने तो केला आहे.

महाराष्ट्रात हे काम कोणत्या शब्दाने केले? 'धर्मशाळा' हा शब्द 'पांदोखेइओन'इतकाच उदार आहे. प्रत्यक्षात पंढरपुरासारख्या क्षेत्री धर्मशाळेच्या नावामागे दात्याचे नाव आणि पुष्कळदा जातीचे नाव लागले, आणि हे पुढचे पद पाहूनच यात्रेकरू पायरी चढे. ज्यांच्या नावे कोठलीच धर्मशाळा नव्हती, ते वाळवंटात उतरत. गाडगेमहाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधविली, तीमागील कारण हेच होते; १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

खुद्द आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यास जो अनुभव आला, तो या विषयाच्या अभ्यासकाने टाळू नये. अमेरिका व इंग्लंड येथील अभ्यासानंतर संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास ते निघाले, तेव्हा उतरावयाचे कोठे हाच त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. हिंदू हॉटेलात जात विचारली जाणार. म्हणून पारशी लोकांच्या एका उतारशाळेत, पारशी नाव नोंदवून, ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू व एका ख्रिस्ती परिचिताकडे विचारणा केली. दोघांनीही असमर्थता दर्शविली. सार्वजनिक बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. ही हकीगत ज्या आत्मपर लेखनात आहे, ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाले. परक्या देशाच्या दारात दाखवावयाच्या परवान्याचा शब्द स्वदेशातील प्रवासाच्या आठवणींवर यावा, यापेक्षा फोंदाकोच्या दरवाजाचे नेमके वर्णन दुसऱ्या कोणत्या शब्दाने झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

मराठी बोलणारी काही कुटुंबे भूमध्य समुद्राच्या एका बंदरात प्रत्यक्षच जाऊन राहिली आहेत, आणि त्यांचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाचे बहुसंख्य लोक १९४८ नंतर टप्प्याटप्प्याने इस्रायलमध्ये गेले. १९५६ साली वसविलेल्या अश्दोद या बंदरशहरात त्यांची मोठी वस्ती झाली. समाजाचे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक त्या देशातून निघत आले. आरंभीच्या वर्षांत आलेल्यांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम 'माअबारा' नावाच्या तात्पुरत्या छावण्यांत पडला, आणि पुढे कोणत्या गावी राहावयाचे हे बव्हंशी शासन ठरवी. 'माअबारा' हा शब्द हिब्रूतील पार होण्याच्या धातूपासून झाला आहे, आणि प्राचीन हिब्रूत त्याचा अर्थ नदी ओलांडण्याची जागा असा होतो. म्हणजे मराठीत जो 'उतार', तोच तेथे 'माअबारा'. दोहोंनी पाणी ओलांडण्याच्या जागेपासून माणसांच्या तात्पुरत्या निवासापर्यंत सारखीच वाट चालली आहे. अलिबाग-पेणच्या बाजूच्या एखाद्या आजीला त्या छावणीत कोणी मराठीतून 'कुठं उतरलात?' असे विचारले असेल, तर दोन्ही भाषांतील धातू त्या प्रश्नात एकत्र आले, असे म्हणावयास हरकत नाही.

आधुनिक शब्दांकडे येताना एका इटालियन शब्दाचा उल्लेख आवश्यक आहे. 'लोकांदा' म्हणजे साधी भाड्याची उतारशाळा. लॅटिनमध्ये हे कर्तव्यवाचक विशेषण आहे : भाड्याने द्यावयाची. दारावरच्या पाटीवर लिहिलेला शब्द पुढे त्या घराचेच नाव झाला. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीतील 'देणे आहे' हा नेमका तोच प्रयोग. मराठीत त्याचे नाम झाले नाही, एवढाच भेद. 'लोकांदा' तुर्कीत गेला तेव्हा 'लोकांता' झाला, आणि राहण्याचा अर्थ सोडून केवळ जेवणाचे दुकान असा अर्थ त्याने घेतला. मराठीत 'हॉटेल' या शब्दाचे हेच झाले आहे. बारामतीत 'हॉटेलात जाऊ' म्हटले तर चहा किंवा मिसळ अभिप्रेत असते. रात्रीसाठी 'लॉज' हा वेगळा शब्द लागतो, आणि पाट्यांवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असा जोड लिहून दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र बांधावे लागतात. तुर्की व मराठी भाषांचा या बाबतीत संबंध नाही. दोन्ही समाजांत परका मनुष्य जेवावयास बाहेर जाई, पण झोपावयास आप्तांकडे जाई. भाड्याच्या खाटेपेक्षा विकतच्या अन्नाची सवय आधी लागली, म्हणून शब्दाचा तोच अर्थ टिकला, असा तर्क करता येतो.

जळोचीचा बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत समावेश झाल्यास आता बरीच वर्षे झाली. औद्योगिक वसाहत आणि शिक्षणसंस्था जवळ असल्यामुळे अशा भागात उतरणारा मनुष्य आता यात्रेकरू नसून विद्यार्थी किंवा नोकरदार असतो, आणि तो महिन्याच्या भाड्याने राहतो. त्याच्यासाठी 'रूम', 'मेस', 'कॉट बेसिस' असे शब्द रूढ झाले आहेत. 'कॉट बेसिस' हा त्यांतला लक्षणीय. येथे भाड्याने जाते ती खोली नव्हे, खाट. बिऱ्हाड-बाजल्यातील बाजले तेवढे शिल्लक राहिले आहे. भाडे परवडले की जागा मिळाली, असा या शब्दांचा देखावा आहे. वस्तुतः पाटी वाचून आत गेलेल्याला अद्याप विचारले जाते, 'पाव्हणं कुठलं म्हणायचं?' 'पाहुणा' या शब्दाने अनोळखी माणसाला संबोधणे ही या भागाची जुनी रीत. आदर खरा असतो. पण गाव कळले की आडनाव विचारले जाते, आणि आडनावावरून पुष्कळदा जात कळते.

पाट्यांवर हल्ली दोन इंग्रजी शब्द विशेष दिसतात, 'फॅमिली' आणि 'बॅचलर'. मराठीत आल्यावर दोहोंचा अर्थ निवासाच्या व्यवहारापुरता आवळला गेला आहे. 'फॅमिली' म्हणजे बायको-मुलांसह राहणारा भाडेकरू. खाद्यगृहात 'फॅमिली रूम' म्हणजे स्त्रियांना घेऊन बसता येईल अशी पडदा वा दार असलेली जागा. 'बॅचलर' म्हणजे एकटा राहणारा, मग गावी त्याची बायको-मुले का असेनात. ऊसतोडीची कोपी घालून बायको-मुलांसह राहणारा मात्र 'फॅमिली' या शब्दात कधी मोजला जात नाही.